फोनवर शिजलेली हळद

अमृतरावांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते नेमकं हळदीची काढणी ऐन भरात असताना. तारीख त्यांनी दोनदा पुढं ढकलली होती आणि तिसऱ्यांदाही ढकललीच असती. पण एका दुपारी हळद शिजवायच्या कुकरखालून वाहून आलेल्या कढत पाण्यात त्यांनी सरळ पाय ठेवला. डबकं दिसलंच नाही म्हणाले. त्या दिवशी पद्माबाईंनी त्यांच्यापुढं ताट ठेवलं नाही. आधी दवाखान्याची तारीख, मग भाकर, एवढंच बोलून त्या चुलीकडं वळल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात ही धमकी त्यांनी दुसऱ्यांदाच वापरली होती, त्यामुळं ती चालली.

ऑपरेशन बरं झालं. पण डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धूर नाही, धूळ नाही, वाफ नाही. अमृतरावांचा सगळा धंदा या तीन गोष्टींचाच.

त्यांचा कुकर म्हणजे चाकांवरचं धूड. ट्रॅक्टरला जोडून ज्याच्या त्याच्या शेतात न्यायचं. मध्ये पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, दोन्ही अंगांना दोन-दोन मोठे ड्रम. काढलेली ओली हळद ड्रमात भरायची, वर गोणपाट दाबून झाकण टाकायचं, आणि टाकीतली वाफ नळीनं आत सोडायची. शिजली की तिथंच ताडपत्रीवर पसरून उन्हात द्यायची. गावात, कुरुंद्यात, असे कुकर आणखीही होते. तरी लोक अमृतरावांच्या पाळीसाठी थांबत, कारण हळद कच्ची उतरली तर आतून वाळत नाही, जास्त झाली तर उकडल्या बटाट्यासारखी लिबलिबीत होते आणि वाळून काळी पडते. मधला वेळ पाच-सात मिनिटांचा. बाकीचे कुकरवाले घड्याळ बघत. अमृतराव ड्रमाला कान देत. वाफ वरपर्यंत पोचली की तिचा आवाज पातळ होतो म्हणत. तो त्यांनाच ऐकू येई.

त्यांची सून आकांक्षा औंढ्याची. वडील शाळेत शिपाई, शेत नाही. लग्नाआधी हळद तिनं मसाल्याच्या डब्यातच पाहिलेली. नवरा प्रमोद चाकणला कंपनीत. घरात सासू, सासरे आणि दीड वर्षाचा धम्मदीप. तीन हंगामांपासून पाळ्या लावायचा फोन तिच्याकडं होता. ओसरीतल्या सावलीत बसून, एका मांडीवर लेकरू आणि कानाला फोन लावून ती कुणाला बुधवार द्यायची, कुणाला शुक्रवार. माणसं भांडायची, ती गोड बोलून दिवस बदलायची. या कामात ती पक्की होती, आणि याच्या पलीकडचं कुणी तिला सांगितलंही नव्हतं. कधी भाकरी पोचवायला कुकरपाशी गेलीच तर डबा ठेवून परत यायची. वाफेची तिला भीती वाटे. लेकराला घेऊन तर ती तिकडं वळतच नसे.

आता अकरा घरांच्या पाळ्या लावलेल्या होत्या आणि अर्ध्यांची हळद जमिनीतून वर आलेली होती. काढलेली हळद आठ-दहा दिवसांच्या वर ठेवता येत नाही. दुसरे कुकर एवढ्या सगळ्यांना पुरे पडणार नव्हते. भट्टीवर नऊ वर्षं काम केलेला हरिचंद होता, पण त्यानं आधीच हात वर केले. मी आगीचा माणूस, म्हणाला, जाळ किती लागतो ते सांगतो, हळद झाली का न्हाई ते माझ्या गळ्यात घालू नका.

काळा चष्मा लावून बाजेवर बसलेले अमृतराव म्हणाले, "आकांक्षा जाईल."

भाजी निवडत असलेल्या पद्माबाईंचे हात थांबले. "तिला लेकरू हाय."

"लेकराला तू हायस की."

आकांक्षाला आधी वाटलं, मामा दुसऱ्या कुणाबद्दल बोलत आहेत. मग तिनं सांगून पाहिलं की तिला यातलं काही कळत नाही. त्यावर अमृतरावांनी गेल्या वर्षीची एक गोष्ट काढली. ती डबा घेऊन आली होती आणि जाता जाता बोलली होती, झालं वाटतं मामा, वास बदलला. त्यांनी झाकण उघडलं होतं, आणि हळद झालेली होती. आकांक्षाला यातलं काही आठवत नव्हतं.

"आणि काही अवघड न्हाई," ते म्हणाले. "तू नुस्ता फोन ड्रमापाशी धरायचा. मी हिथून ऐकून सांगतो."

हे ऐकल्यावर तिनं मान डोलावली. फोन धरणं तिला येत होतं.

पहिली पाळी देविदासची, गावालगतच्या मळ्यात. देविदास हा मोजकं बोलणारा, पण बघणारा माणूस. आकांक्षाला पाहून त्यानं जयभीम केला, अमृतरावांच्या डोळ्याची चौकशी केली आणि बांधावर जाऊन बसला. त्यानंतर तो तिथून हलला नाही.

बायांनी टोपल्या ओतल्या, हरिचंदनं जाळ धरला, टाकीवरचा वाफेचा काटा वर चढला, आणि पहिल्या ड्रमाची वाफेची चावी फिरवली तेव्हा आकांक्षा चार पावलं मागं सरकली. बाया हसल्या. तिनं पदर खोचला, तोंडाला रुमाल बांधला आणि फोन लावून हात लांब करून ड्रमापाशी धरला. दिवाळीत प्रमोदनं आणून दिलेला नवा फोन. तिकडं अमृतराव श्वास रोखून ऐकत होते.

अर्धा तास गेला. ड्रमाच्या बुडातून आधी मातकट पाणी आलं, मग पिवळं. चाळीस मिनिटांच्या सुमाराला वास बदलला. ओल्या मातीचा, कच्च्या मुळांचा वास जाऊन एक गोडसर, जड वास आला. बाळंतिणीच्या खोलीत शेक देताना येतो तसा. आकांक्षानं मान वर केली. तिनं आपोआप आजूबाजूला पाहिलं, की हा वास आणखी कुणाला आला का. हरिचंद खाली वाकून लाकडं सारत होता.

"मामा, झालं का?"

"न्हाई. वाफच वर आली न्हाई अजून. मला काही ऐकू येऊन न्हाई राहिलं."

तिच्या हातात एक टोकदार काडी होती. ती हळदीत टोचून बघायची असते. सहज गेली तर झाली. पण त्यासाठी झाकण उघडावं लागलं असतं, आणि मामांनी सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही असं ठरलेलं. ती काडी धरून उभी राहिली. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पलीकडून अमृतराव हरिचंदला जाळ वाढवायला सांगत होते. वास आता दाट झाला होता, आणि त्यात काहीतरी करपट येऊ लागलं होतं. तिनं ते फोनवर सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या कानापुढं आपलं नाक ते काय, असं तिला वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं. सांगितलेलं करत राहण्यात एक सुख असतं, ते तिला त्या वेळी फार जवळचं वाटत होतं.

पंचवीस मिनिटांनी हरिचंदनंच न राहवून झाकण उचललं.

ड्रम ताडपत्रीवर उलटला तेव्हा हळद घसरली नाही, लगद्यासारखी थापकन पडली. देविदास बांधावरून उठून आला. त्यानं एक हळकुंड उचललं, अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला. त्यानं ते आकांक्षाच्या पायाशी ताडपत्रीवर ठेवलं, अगदी हळू, आणि म्हणाला, "राहिलेली मी दुसरीकडं बघतो, सूनबाई."

त्याच्या बोलण्यात राग असता तर तिला रडता आलं असतं.

घरी आली तेव्हा धम्मदीप धावत आला आणि दोन हातांवर थबकला. पिवळे हात, धुराचा वास; ही आपली आई नव्हे असं त्याचं मत पडलं, आणि तो पद्माबाईंच्या पदरामागं गेला. आकांक्षानं साबणानं हात तीनदा धुतले. हळद काही गेली नाही. अमृतरावांनी एवढंच विचारलं की किती मऊ होती, आणि तिनं सांगितल्यावर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. जेवताना ठरलं की देविदासला त्या ड्रमाच्या बदल्यात घरची हळद द्यायची आणि ती बिघडलेली आपण आणायची. हे ठरवताना कुणी आकांक्षाकडं पाहिलं नाही. ते तिच्यावरच्या मायेपोटी होतं हे तिला कळलं, म्हणून तर ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदचा फोन आला. ती मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटत होती. फोन ओट्यावरच, मोठ्या आवाजावर. थांबा जरा, मिक्सर चालू आहे, ती म्हणाली.

"कोणता मिक्सर? मला तर तुझा आवाज साफ येऊन राहिला."

तिनं मिक्सर बंद केला. पुन्हा चालू केला. ऐकू येतो का विचारलं. नाही येत म्हणाला. मग त्यानं सहज सांगितलं की या फोनचं तेच तर आहे. आजूबाजूचा गोंगाट तो कापून टाकतो आणि फक्त माणसाचा आवाज पुढं पाठवतो. म्हणून तर जास्त महागाचा घेतला.

आकांक्षा ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणजे मामांनी तासभर कान देऊन जे ऐकलं ते फोननं पुसून टाकलेलं होतं. वाफेचा आवाज म्हणजे त्याच्या लेखी गोंगाट.

क्षणभर तिला फार हलकं वाटलं. चूक फोनची. ती ओसरीत जाऊन तसं सांगूनही आली. अमृतराव आधी पुरतं ऐकून घेईनात, आणि समजलं तेव्हा असे हसले की पद्माबाईंनी डोळ्याला ताण येईल म्हणून दटावलं. त्यांनी उशाखालून स्वतःचा जुना, बटणांचा, मागून रबर लावलेला फोन काढला. हा घेऊन जा, तुझा माझ्यापाशी ठेव, म्हणाले; याला तेवढी अक्कल न्हाई, हा सगळं ऐकवतो.

तरी दुपारी लेकराला झोपवताना तिच्या डोळ्यांपुढं काडी येत राहिली. फोननं आवाज कापला, खरं. पण वास तर कुणी कापला नव्हता. तो चाळीसाव्या मिनिटाला आला होता. झाकण तिच्यापासून एका हातावर होतं. ती हे कुणाला बोलली नाही. धम्मदीपनं झोपेत तिचं पिवळं बोट धरलं आणि तोंडात घातलं. चव बघून तोंड वाकडं केलं, पण सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाळी तांड्यावरच्या रूपाबाईंची. तांडा गावापासून कोसभर, माळाच्या उताराला. सव्वा एकराची हळद रूपाबाईंनी लेकी-सुनांना घेऊन स्वतः काढलेली. काढून आठ दिवस झाले होते. आणखी दोन दिवसांत ढिगाला खालून वाफारा धरला असता आणि सगळं कुजलं असतं. हे आकांक्षाला त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, पाळी मागताना, दोनदा.

कुकर येऊन उभा राहिला तेव्हा रूपाबाई ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. साठीच्या, काटक, कोपरापर्यंत बांगड्या.

"देविदासचा डरम तूच जाळलास ना?"

बातमी कोसभर आधीच आली होती. फोनचं सांगता आलं असतं. आकांक्षानं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "व्हय. वास आला होता मला. झाकण उघडलं न्हाई."

"काहून?"

"सांगितलं नव्हतं कुणी."

रूपाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग मागं वळून सुनांना त्यांच्या घरच्या बोलीत काही म्हणाल्या. सुना फिसकन हसल्या आणि टोपल्या उचलायला लागल्या.

"काय म्हणल्या?" आकांक्षानं हळूच एकीला विचारलं.

"म्हणल्या, हिला खरं बोलता येतं, आता हळद येती का बघू."

ड्रम भरताना आकांक्षा ढिगाजवळ गेली. परवा देविदासच्या वेळी ती तिकडं फिरकलीच नव्हती. हळद हातात घेतली. देविदासची जाड होती, ओली, अंगाला माती चिकटलेली. ही बारीक होती, बोटाएवढी, आणि आठ दिवस लिंबाच्या सावलीत राहून तिच्या सालीला जराशी सुरकुती पडलेली. ड्रमही गळ्यापर्यंत भरला नाही, चार बोटं कमीच राहिला. तिनं हे बघितलं आणि बाजूला ठेवून दिलं, जसं मीठ टाकताना पाणी किती आहे ते आपण न मोजता बघतो.

चावी फिरली. ती मागं सरकली नाही. जुना फोन लावला, ड्रमापाशी धरला, आणि या वेळी पलीकडून अमृतरावांचा खुशीतला आवाज आला, हां, आता कसं. त्यांना सगळं येत होतं, वाफेची फुसफुस, भट्टीतली लाकडं, रूपाबाईंची कोंबडीसुद्धा. ते सांगत होते, ती करत होती. वाफ निम्म्यावर आली. जाळ थोडा कमी. सगळं बराबर चाललं होतं.  हा फोन असाच चालला तर राहिलेली दहाच्या दहा घरं निभतील, असं तिला वाटलं.

तिसाव्या मिनिटाला वास आला.

तिनं बुडातलं पाणी पाहिलं. पिवळं, आणि स्वच्छ. मान वळवून पुन्हा वास घेतला. तोच. गोडसर, जड, शेकाचा.

"मामा, झालं वाटतं."

पलीकडं ते बराच वेळ ऐकत राहिले. "न्हाई. आवाज अजून जाड हाय. अजून दहा मिनिटं दे."

या वेळी फोन चांगला होता. मामांचा कान ठिकाणावर होता. देविदासच्या वेळचं कुठलंच कारण आता नव्हतं. रूपाबाई चार हातांवर उभ्या होत्या, हरिचंद तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि तिला एवढंच करायचं होतं की दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. बिघडलं तर ते मामांच्या नावावर गेलं असतं.

"मामा, ही हळद बारीक हाय. वाळलेली हाय थोडी. ड्रम पण पुरा भरला न्हाई." ती एका दमात बोलली. "ते तुमाला आवाजात न्हाई कळणार."

"आकांक्षा, ऐक—"

"झालंय मामा. मी उघडून राहिले."

तिनं फोन कमरेला खोचला, चालू तसाच, आणि हरिचंदला चावी बंद करायला सांगितलं. हरिचंद जागचा हलला नाही. नऊ वर्षं त्यानं एकाच माणसाचं ऐकलं होतं. मग तिनंच हाताला पदर गुंडाळून चावी फिरवली. चावी घट्ट होती आणि फार कढत. झाकण उचललं तेव्हा वाफेचा लोट अंगावर आला, आणि त्यात काही क्षण तिला काहीही दिसलं नाही.

काडी आत गेली. सहज, पण लगद्यात जाते तशी नाही. शेवटाला किंचित अडली आणि मग गेली. तिनं मधलं एक हळकुंड काढलं, फुंकर घालत मोडलं. मोडलं ते दबून नाही, नीट मोडलं. आतून पार टोकापर्यंत एकच केशरी रंग, कुठं फिकं वर्तुळ नाही.

कमरेपाशी फोनमधून बारीक आवाज येत होता. तिनं फोन कानाला लावला.

"मोडलंस का?" अमृतराव विचारत होते. "फोनपाशी मोड. मला ऐकव."

"आता ऐकायचं काय त्यात," ती म्हणाली. "मी बघून राहिले ना."

  मग ते म्हणाले, "बरं. दुसऱ्याला किती वेळ लागंल?"

"वास आला की सांगते."

रूपाबाईंनी मोडलेला अर्धा तुकडा तिच्या हातातून घेतला, उन्हात धरला, नखानं टोकरला, दातानं चावून थुंकला.  सुनांकडं वळून मराठीतच म्हणाल्या, "पुढचा डरम भरा. बघत काय बसल्या."

त्या दिवशी तांड्यावर सात ड्रम उतरले. पाचव्याला ती थोडी घाई करून बसली. काडी मध्येच अडली, तेव्हा झाकण पुन्हा लावून चार मिनिटं दिली. ते तिनं फोनवर सांगितलं नाही, कारण फोनची बॅटरी तोवर संपलेली होती आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. हाताच्या मागच्या बाजूला चावीचा चट्टा उठला. तो धम्मदीपला आवडला. संध्याकाळी तो मागं पळाला नाही. पिवळ्या हातांकडं पाहून थोडा विचार केला, आणि मांडीवर येऊन बसला.

बाकीची नऊ घरं झाली. दोन ठिकाणी बायकांनी आधी कुरकुर केली, एका ठिकाणी मालकानं स्वतः काडी हातात घेऊन तिच्या शेजारी ठाण मांडलं. देविदासनं राहिलेली हळद दुसऱ्या कुकरवर नेली, ती परत आणली नाही. रस्त्यात भेटला तर जयभीम करतो.

महिना संपल्यावर अमृतराव कुकरपाशी आले. खुर्ची टाकून बसले, सवयीनं ड्रमाकडं कान केला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. नवा फोन आता त्यांच्याकडं असतो. पलीकडचा माणूस पाळी मागत असावा. "बुधवार देतो," ते म्हणाले, "पण किती वेळ लागंल ते मला नको विचारू, सुनंला विचारावं लागतं."

देविदासची ती हळद घरी आणून वाळवली. सुरकुतलेली, काळपट, कुणी घेतली नसती. पद्माबाईंनी ती गिरणीतून दळून आणली आणि दोन डबे भरून फळीवर ठेवले. वर्षभर घरात तीच आहे. वरणाला रंग जरा मळकट येतो. बाहेरचं कुणी जेवायला असलं की पद्माबाई दुसरा डबा काढतात. आकांक्षा काढत नाही. चमचाभर घेते, फोडणीत टाकते, आणि वास आला की डाळ ओतते.